पाठीत यंत्र बसवण्याआधी

मणक्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली असतात. नव्या एमआरआयमध्ये बोट ठेवावं असं काही दिसत नाही, आणि तरी कंबरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत जाते, तळपायाची आग होते, रात्री पाय कुठे ठेवावा कळत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, फिजिओथेरपी झाली. या टप्प्यावर पेन क्लिनिकमधले डॉक्टर स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरचं नाव काढतात. रुग्ण घरी येतो आणि रात्री मुलगा किंवा सून कंपन्यांची तुलना करायला बसते. कुणाची बॅटरी दहा वर्षं चालते, कुणाचं यंत्र लहान, कुणाच्या यंत्रावर एमआरआय चालतो. नवा मोबाइल आपण असाच घेतो. इथे मात्र हा क्रम उलटा पडतो. कंपनीचा प्रश्न शेवटचा आहे. आपलं दुखणं या उपचारात बसतं का, चाचणी नीट झाली का आणि पुढे हे यंत्र सांभाळणार कोण, हे आधी बघायचं. तेवढं कळलं की निवडीचं निम्मं काम झालेलं असतं.

यंत्र तसं समजायला सोपं आहे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, पाठीच्या कण्याच्या पोकळीत एक किंवा दोन बारीक तारा सरकवतात. तारेच्या टोकाला सहसा आठ इलेक्ट्रोड असतात. दुसरं टोक त्वचेखालून नेऊन कुल्ल्याच्या वरच्या भागात किंवा कुशीत बसवलेल्या बॅटरीला जोडतात. बॅटरीतून सौम्य विजेची स्पंदनं मज्जारज्जूकडे जातात आणि दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचण्याआधी बदलतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेच्या 'दरवाज्या'चा सिद्धांत मांडला. त्यावरून १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड इथे नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णावर असं पहिलं यंत्र बसवलं. तेव्हापासून यंत्रं पुष्कळ सुधारली, पण एक गोष्ट तीच आहे: मणक्यात, गादीत किंवा शिरेत जे बिघडलंय ते यानं दुरुस्त होत नाही. फक्त दुखणं कमी होतं, आणि तेही सगळं नाही. निम्मं कमी झालं तर डॉक्टर त्याला यश म्हणतात. दहापैकी आठ असलेलं दुखणं चारवर आलं तर उत्तम. 'पूर्ण बरं वाटेल' असं कुणी सांगितलं तर तिथेच थोडं थांबावं.

कुणाला उपयोग होतो? शिरेच्या दुखण्याला. म्हणजे ज्यात जळजळ, करंट लागल्यासारख्या चमका, मुंग्या, कापडाचा स्पर्शही सहन न होणं, अशी लक्षणं असतात. मणक्याच्या ऑपरेशननंतर पायात राहिलेलं दुखणं हा यातला सर्वांत मोठा गट. हात किंवा पाय मोडून प्लास्टर काढल्यावर तो भाग सुजलेला, लाल-निळा, भयंकर ठणकणारा राहतो त्या सीआरपीएस नावाच्या आजारातही हे वापरतात. मधुमेहानं पायांच्या शिरा खराब होऊन होणाऱ्या जळजळीसाठी अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ साली अशा यंत्राला मान्यता दिली. याउलट गुडघेदुखी, सांध्यांची झीज, सगळं अंग दुखणं किंवा मणका अस्थिर असल्यानं हलताना होणारं दुखणं, यांसाठी हे यंत्र नाही. नुसत्या कंबरदुखीला त्याचा किती उपयोग, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००८ साली घातलेल्या अटी आजही मोजपट्टी म्हणून वापरता येतील: दुखणं शिरेचं असावं, शंभरपैकी किमान पन्नास इतकं तीव्र असावं, नेहमीचे उपचार करूनही सहा महिने टिकलेलं असावं, आणि चाचणीत फरक पडलेला असावा.

आता आकडे. ते दोन्ही बाजूंचे बघायला हवेत, कारण माहितीपत्रकात एकाच बाजूचे असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोसेस' या अभ्यासात ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचं पायाचं दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झालं. फक्त औषधोपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. २०१५ च्या 'सेन्झा' अभ्यासात जास्त वारंवारतेच्या यंत्रानं तीन महिन्यांनी ८४.५ टक्के लोकांना कंबरेत असा आराम मिळाला, जुन्या पद्धतीच्या यंत्रानं ४३.८ टक्क्यांना. भारी वाटतं. पण हे अभ्यास बहुतांशी यंत्र बनवणाऱ्यांच्याच पैशावर होतात. शिवाय आपल्याला कोणतं यंत्र लावलंय हे अशा अभ्यासात रुग्णापासून लपवणं कठीण असतं.

ते लपवून केलेला एक अभ्यास नॉर्वेत झाला आणि २०२२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ५० रुग्ण होते. प्रत्येकाचं यंत्र तीन-तीन महिन्यांच्या पाळीनं चालू किंवा बंद ठेवलं, आणि कधी काय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. रोजच्या हालचालीतली अडचण चालू काळात जितकी कमी झाली, जवळजवळ तितकीच बंद काळातही झाली. या अभ्यासात यंत्राची सेटिंग्ज कंपनीच्या शिफारशीप्रमाणे नव्हती, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेनंही, १३ अभ्यासांतले ६९९ रुग्ण तपासून, कंबरदुखीसाठी या यंत्राचा सहा महिन्यांनी खोट्या उपचाराहून अधिक फायदा बहुधा होत नाही असा निष्कर्ष काढला. अमेरिकेतल्या विमादाव्यांच्या २०२२ च्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या आत साधारण पाचातल्या एकाचं यंत्र दुरुस्त करावं किंवा काढावं लागलं होतं.

मग बसवूच नये का? माझं मत असं: सीआरपीएस, मधुमेहाची पायांची जळजळ आणि ऑपरेशननंतरचं मुख्यतः पायात असलेलं दुखणं, यांत चाचणी करून बघायला हरकत नाही. दुखणं फक्त कंबरेत असेल तर दुसऱ्या, यंत्र न बसवणाऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या उपचारात एक सोय आहे जी बाकीच्या शस्त्रक्रियांत सहसा मिळत नाही: आधी वापरून बघता येतं. सुईवाटे तारा आत जातात, त्यांची टोकं पाठीतून बाहेर राहतात आणि कमरेला लावलेल्या छोट्या यंत्राला जोडतात. सहसा तीन ते दहा दिवस असं घरी राहायचं असतं. अनेक यंत्रांत तारा बसवताना रुग्णाला जागं ठेवून 'मुंग्या कुठे येतात, दुखतं तिथेच का?' असं विचारत जागा ठरवतात. म्हणून त्या दिवशी भूल हलकी असते, घाबरायचं कारण नाही. चाचणी न करता थेट कायमचं यंत्र बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या. बसवण्याआधी चाचणी करावी याची आठवण एफडीएनं २०२० साली डॉक्टरांना पत्र लिहून करून दिली होती. त्याच पत्रात चार वर्षांत या यंत्रांबद्दल आलेल्या १,०७,७२८ तक्रार-अहवालांचा उल्लेख आहे. प्रत्येक अहवालाला यंत्रच कारणीभूत होतं असं नाही, पण आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

चाचणीचा आठवडा वाया घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पलंगावर पडून राहणं. पडल्यावर बहुतेकांना तसंही बरं वाटतं. आणि चाचणी म्हटली की माणूस आशेनं थोडं जास्तच चांगलं सांगतो. घरातले विचारतात, डॉक्टर विचारतात, खर्च झालेला असतो, 'हो, फरक आहे' असं तोंडातून निघून जातं. म्हणून दुखण्याचा नुसता आकडा लिहू नका, कामं लिहा. चाचणीच्या आधीच्या आठवड्यातच एक वही करा. ओट्यापाशी उभं राहून किती पोळ्या होतात आणि कितव्या पोळीला खुर्ची ओढावी लागते. देवपूजेला किंवा पंगतीत मांडी घालून किती वेळ बसता येतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना मध्ये कितीदा थांबावं लागतं. रिक्षात खड्डा आला की काय होतं. रात्री किती वेळा जाग येते, दुखण्याची गोळी दिवसात किती लागते. चाचणीच्या दिवसांत हेच पुन्हा लिहा. तार सरकू नये म्हणून वाकणं, कंबरेतून वळणं, हात डोक्यावर ताणणं आणि जड उचलणं मात्र टाळायचं असतं. अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. ड्रेसिंग सैल झालं, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर वाट न बघता फोन करायचा.

वही लिहिण्याचं काम शक्यतो रुग्णानं स्वतः करू नये, घरातल्या दुसऱ्यानं करावं. रुग्ण उभा राहिला, चालला, झोपला हे त्या दुसऱ्याला बाहेरून दिसतं. दोन्ही आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर फरक सांगावा लागला नाही, आपोआप दिसला, तर पुढे जा. 'तसा थोडा आहे' एवढंच हाती लागलं तर थांबा. तार काढायला काही मिनिटं लागतात.

चाचणी जमली की यंत्रांकडे वळू. बाजारात मुख्यतः मेडट्रॉनिक, बोस्टन सायंटिफिक, अॅबट, नेव्रो आणि सलुडा या कंपन्यांची नावं ऐकू येतील. सगळी मॉडेल्स सगळीकडे मिळतातच असं नाही, तेव्हा जे आपल्या रुग्णालयात बसवलं जातं आणि ज्याचं प्रोग्रॅमिंग तिथे होतं त्याचीच तुलना करा.

पहिला फरक स्पंदनांचा. जुनी पद्धत सेकंदाला साधारण ४० ते ६० स्पंदनांची. तिच्यात दुखण्याच्या जागी मुंग्या जाणवतात, आणि काहींना त्या आवडतात, कारण यंत्र चालू आहे याची खात्री वाटते. पण आडवं झाल्यावर मज्जारज्जू तारेच्या जवळ येतो आणि मुंग्या एकदम वाढतात. खोकला किंवा शिंक आली तरी झटका बसतो. या पद्धतीत यंत्र चालू ठेवून गाडी चालवू नये अशी कंपन्यांची सूचना असते. नेव्रोची पद्धत सेकंदाला १०,००० स्पंदनांची, तिला २०१५ साली एफडीएची मान्यता मिळाली. तिच्यात मुंग्या येत नाहीत. अॅबटच्या 'बर्स्ट' पद्धतीत पाच-पाच स्पंदनांचे झुपके जातात, तिथेही मुंग्या बहुधा जाणवत नाहीत. सलुडाच्या 'इव्होक' यंत्रात प्रत्येक स्पंदनाला मज्जारज्जूनं दिलेला प्रतिसाद मोजून पुढचं स्पंदन कमी-जास्त केलं जातं, त्यामुळे झोपताना-उठताना झटके कमी बसतात. २०२० साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलेल्या १३४ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी या पद्धतीनं ८२.३ टक्क्यांना निम्म्याहून जास्त आराम मिळाला, साध्या पद्धतीनं ६०.३ टक्क्यांना. मेडट्रॉनिकच्या 'इन्सेप्टिव' या अशाच यंत्राला २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. सीआरपीएस पाऊल किंवा गुडघ्यापुरतं असेल तर तार मज्जारज्जूवर न ठेवता त्या भागाच्या मज्जागंडिकेवर, म्हणजे शिरेच्या मुळाशी असलेल्या गाठीवर (डॉर्सल रूट गँगलियन), ठेवायची पद्धत आहे, तिचीही चौकशी करा.

यांतलं एखादं सगळ्यांना सरस आहे असं मला पटलेलं नाही. बऱ्याच नव्या यंत्रांत एकाच बॅटरीतून दोन-तीन पद्धती देता येतात, आणि एकीचा परिणाम ओसरला तर दुसरी लावून बघता येते. एका पद्धतीच्या मोठ्या टक्केवारीपेक्षा ही सोय मी वरची मानेन.

बॅटरीचा प्रश्न माहितीपत्रकात सोपा दिसतो आणि घरात अवघड होतो. चार्ज होणारी बॅटरी लहान असते आणि साधारण दहा वर्षं चालावी अशी असते. पण चार्जर त्वचेवर नेमक्या जागी धरून बसावं लागतं. जास्त वारंवारतेच्या सेटिंगवर हे जवळजवळ रोजचं काम होतं, कमी ऊर्जेच्या सेटिंगवर वर्षातून मोजक्या वेळाही पुरतं. चार्जर थोडा गरम लागतो. हात थरथरतात, नजर अधू आहे, माणूस एकटा राहतो, गावी दुपारभर वीज नसते, अशा घरात चार्ज न होणारी बॅटरी बरी. ती थोडी मोठी असते आणि संपली की छोट्या ऑपरेशननं बदलावी लागते. किती वर्षांत, हे तुमच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून 'दहा वर्षांपर्यंत' हा आकडा ऐकल्यावर 'चाचणीत मला जी सेटिंग लागली तिच्यावर किती?' असं विचारा.

बॅटरीची जागा तुम्हीच दाखवायची असते, आणि ती ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, आधी. परकराची नाडी, सलवारीचा इलॅस्टिक, पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे ती नको. मागच्या खिशात पाकीट ठेवत असाल, एका कुशीवर झोपत असाल, जमिनीवर भिंतीला टेकून बसत असाल तर तेही सांगा. रोजचे कपडे घालून जा आणि डॉक्टरांकडून पेननं खूण करून घ्या. खूण केल्यावर एकदा बसा, एकदा वाका.

तारा दोन प्रकारच्या. सुईतून जाणारी गोल तार बसवायला सोपी, पण तिची सरकण्याची शक्यता जास्त. चपट्या पट्टीची तार बसवायला मणक्याचं थोडं हाड काढावं लागतं, ती सहसा जागची हलत नाही, पण ऑपरेशन मोठं. आधीच्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असेल तर कधी पट्टीचाच मार्ग उरतो.

एमआरआयबद्दल 'चालतो' एवढं उत्तर घेऊ नका. परवानगी बॅटरी आणि तार या दोन्हींच्या जोडीला असते आणि तिला अटी असतात: किती टेस्लाचं मशीन, शरीराचा कुठला भाग, यंत्र कोणत्या मोडवर. एखादी तार तुटली किंवा जुन्या तारेचा तुकडा आत राहिला तर ती परवानगी गेली असं समजा. पुढे मेंदूचा किंवा गुडघ्याचा एमआरआय लागण्याची शक्यता असेल तर हे उत्तर मॉडेल नंबरासह लेखी घ्या.

आणि सेवा. यंत्र बसवल्यावर पहिल्या वर्षी सेटिंग बऱ्याच वेळा बदलावी लागते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुधा कंपनीचा माणूस टॅब्लेट घेऊन करतो. तो मुंबई-पुण्यात भेटतो. तुम्ही नांदेडला किंवा सावंतवाडीला राहत असाल तर तो किती दिवसांनी येईल की तुम्हालाच यावं लागेल, त्याचे पैसे लागतील का, त्यानं नोकरी बदलली तर कोण, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. थोडं मागच्या पिढीचं पण जवळ सेवा असलेलं यंत्र मी नव्या पण दूरच्या यंत्रापेक्षा पसंत करेन.

खर्च काही लाखांत जातो आणि रुग्णालयागणिक बदलतो. अंदाजपत्रक दोन भागांत मागा: चाचणीचं वेगळं, कायमच्या यंत्राचं वेगळं. चाचणी फसली तर पहिला भाग परत मिळत नाही. मेडिक्लेम कंपनीची पूर्वपरवानगी दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळी आणि लेखी घ्या, आणि पुढे बॅटरी बदलण्याचा खर्च पॉलिसीत बसतो का तेही विचारून ठेवा.

ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या सगळ्या गोळ्या सांगा, कारण कण्याच्या पोकळीत रक्त साचलं तर पाय लुळे पडू शकतात. पण त्या आपल्या मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून करा. साखर आटोक्यात आणा, तंबाखू आणि मशेरी सोडा, जंतुसंसर्ग झाला तर बहुधा सगळं यंत्रच काढावं लागतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर अपमान मानू नका. ती तपासणी या उपचाराचाच भाग आहे. ऑपरेशननंतर पायातली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

यंत्र बसल्यावर पहिले काही आठवडे वाकणं-वळणं बंद असतं. कंपनी एक ओळखपत्र देते, ते कायम जवळ ठेवा. विमानतळावर, मॉलच्या किंवा मंदिराच्या दारातल्या मेटल डिटेक्टरपाशी ते दाखवून हातानं तपासणी मागा. कमानीतून जावंच लागलं तर यंत्र बंद करून, न रेंगाळता मधून जा. पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं तर सर्जनला सांगा, कारण रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणानं यंत्र बिघडू शकतं. सर्वांत मोठा धोका मात्र आपल्याकडे घरच्यासारख्या झालेल्या जागी आहे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक सर्रास देतात. त्याची ऊर्जा तारेच्या टोकाशी गोळा होऊन मज्जारज्जू भाजू शकतो, यंत्र बंद असलं तरीही. मान असो, खांदा असो की गुडघा, हा शेक शरीरावर कुठेच घ्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवीसुद्धा बॅटरीच्या जागेवर ठेवू नका. दवाखाना बदलला, फिजिओथेरपिस्ट बदलला, तर पहिल्याच दिवशी ओळखपत्र दाखवा आणि केसपेपरवर लाल शाईनं लिहून घ्या.